छपराखालचे पाच दिवस

पॅरिसला गेलेला माणूस आयफेल टॉवर पाहिल्याशिवाय परतत नाही. मीही पाहिला. मग सेन नदीच्या काठाकाठानं थोडं चालत नेलातों रस्त्यावर गेलो. तिथं एके काळी पॅरिसचं सर्वांत गाजलेलं बंदिस्त क्रीडागृह होतं. त्याचं नाव ‘वेलोद्रोम दिवेर’, म्हणजे हिवाळ्यातलं सायकल-रिंगण. पॅरिसकर त्याला लाडानं ‘वेल दिव’ म्हणत.

१९१० साली ते सुरू झालं. काचेच्या छपराखाली २५० मीटरची लाकडी धावपट्टी होती. तिच्यावर सहा-सहा दिवस चालणाऱ्या सायकल शर्यती रंगत. मधल्या जागेत श्रीमंतांच्या मेजवान्या, तर वरच्या सज्जात कामगारांचा कल्ला! १९२४च्या ऑलिंपिकमधल्या कुस्त्या आणि मुष्टियुद्धंही इथंच झाली.

पुढं पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेलं. १६ आणि १७ जुलै १९४२ या दोन दिवसांत १३,१५२ ज्यूंना घरांतून उचलण्यात आलं. त्यांत ४,११५ मुलं होती. हुकूम जर्मनांचा, पण दारं ठोठावली ती फ्रेंच पोलिसांनी. मुलाबाळांसह पकडलेल्या सुमारे ८,००० माणसांना ‘वेल दिव’मध्ये कोंडलं. प्रशस्त जागा, वर छप्पर, दारं मोजकी. खेळासाठी जे सोयीचं, तेच तुरुंगासाठीही सोयीचं ठरलं. विमानांना दिसू नये म्हणून छपराच्या काचा रंगवलेल्या आणि खिडक्या बंद. जुलैचा उकाडा, अपुरं पाणी, तुंबलेली शौचालयं. असे पाच दिवस गेले. नंतर त्यांना छावण्यांत आणि तिथून ऑशविट्झला पाठवलं. मोजकीच माणसं परत आली.

युद्ध संपलं आणि त्याच धावपट्टीवर पुन्हा शर्यती सुरू झाल्या, पुन्हा टाळ्या पडू लागल्या. १९५९ साली ती इमारत पाडली. आपल्या राज्ययंत्रणेचा यात हात होता, हे फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी, जाक शिराक यांनी, जाहीरपणे मान्य केलं ते १९९५ साली. म्हणजे ५३ वर्षांनी. २०१७ पासून तिथं त्या मुलांच्या नावांची स्मृतिबाग आहे.

मी ती नावं वाचत गेलो. आडनावं तीच तीच येत होती, भावंडंच असणार. थोड्या वेळानं पुढं वाचवेना.

एक गोष्ट मात्र मनात घर करून राहिली. त्या दिवसांत तिथं अग्निशमन दलाचे जवान नेमलेले होते. त्यांनी आपले पाण्याचे नळ उघडून तहानलेल्यांना पाणी दिलं. कोंडलेल्यांनी हातात कोंबलेल्या चिठ्ठ्या बाहेर नेऊन टपालात टाकल्या. हुकमाचे ताबेदार तेही होते आणि पोलीसही.

परवा नातवाची बॅडमिंटनची स्पर्धा पाहायला आपल्याकडच्या एका इनडोअर स्टेडियममध्ये गेलो होतो. खेळ रंगात आला होता आणि मी मात्र दारं मोजत होतो. नातवानं विचारलं, “आजोबा, काय शोधताय?”

घरी आल्यावर त्याला सगळं सांगितलं. अगोदर त्या जवानांची गोष्ट सांगितली.