डेव्हिस डॅमचा चढ

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या जाहिरातीत एक आकडा हमखास ठळक असतो: ट्रक किती ओझं ओढतो. मागे ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, जोडून महिनाभर भटकणारी कुटुंबं याच आकड्यावर विसंबतात. पण तो मोजायचा कसा, याची सर्वांना लागू असलेली रीत कित्येक वर्षं नव्हतीच.

चाकांवरची घरं या आकड्याहून कितीतरी जुनी. वॉली बायम यांनी १९३१ साली एअरस्ट्रीम कंपनी काढली आणि १९३६ मध्ये गोलसर अंगाचा, ॲल्युमिनियमचा ‘क्लिपर’ आणला. तेव्हा असले ट्रेलर साध्या मोटारी ओढत. पुढे ट्रेलर वाढले, त्यांत न्हाणीघर आलं, पाण्याच्या टाक्या आल्या आणि ओढायचं काम पिकअपकडे गेलं. ट्रक कंपन्यांत चढाओढ लागली. प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीनं चाचणी घेई आणि आपला आकडा आपणच ठरवी. त्यामुळे एका कंपनीचे १०,००० पौंड आणि दुसरीचे १०,००० पौंड यांची तुलनाच होत नव्हती.

ती सोय झाली २००८ साली. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेनं ‘जे२८०७’ नावाचं मानक प्रसिद्ध केलं. त्यातली मुख्य परीक्षा ॲरिझोनातल्या एका खऱ्या रस्त्यावर बेतलेली आहे. कोलोरॅडो नदीवरच्या डेव्हिस धरणापासून रस्ता वाळवंटी डोंगरात चढतो. सुमारे १८ किलोमीटरांत जवळजवळ ९०० मीटरची चढण. बाहेर किमान ३८ अंश सेल्सिअस तापमान, आत एसी पूर्ण जोरात, मागे दाव्याइतकं ओझं. साध्या पिकअपचा वेग संपूर्ण चढावर ताशी ४० मैलांखाली उतरता कामा नये आणि गाडीत कसला बिघाडही होता कामा नये. शिवाय १२ टक्के चढावर उभ्या गाडीनं पाच मिनिटांत पाच वेळा पुढे आणि पाच वेळा मागे निघून दाखवायचं. ज्यानं भरली गाडी घाटात अर्ध्यावर थांबवून पुन्हा उचलली आहे, त्याला या अटीची किंमत कळेल.

टोयोटानं २०११ च्या टुंड्रासाठी हे मानक सर्वांआधी स्वीकारलं. ट्रक तोच, पण आकडा शेकडो पौंडांनी खाली आला. प्रतिस्पर्धी जुनेच फुगीर आकडे मिरवत असताना आपला आकडा उतरवायला धैर्य लागतं, आणि मला या साऱ्या इतिहासात तीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. फोर्ड, जनरल मोटर्स आणि रॅम यांचे मुख्य पिकअप या रांगेत यायला २०१५ चं मॉडेल उजाडलं.

तरीही ट्रेलर निवडताना हा आकडा पुरत नाही. या परीक्षेत ट्रकमध्ये १५० पौंडांची दोनच माणसं धरलेली असतात. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावरून थेट ट्रकच्या पाठीवर येतो. तो कमी ठेवून भागत नाही. बैलगाडीत माल मागे भरला की गाडी उलाळ होते, तसा पुढचा भार हलका असलेला ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि सोबत ट्रकलाही हेलकावे देतो. म्हणून ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं छोटं लेबल वाचायचं. माणसं आणि सामान मिळून १,५०० पौंड, असं त्यावर असेल आणि भरलेला ट्रेलर ७,००० पौंडांचा असेल, तर हुकावरच सुमारे ९०० पौंड गेले. उरलेल्या ६०० पौंडांत चौघं माणसं, कुत्रा, शेगडी, सायकली आणि जोडणीचं जड लोखंड बसवायचं. ट्रक १०,००० पौंड ओढणारा असला तरी इथं अडतो.

जाणती मंडळी निघण्यापूर्वी ट्रेलरच्या टाकीत पाणी भरतात, सगळ्यांना गाडीत बसवतात आणि हमरस्त्यालगतच्या वजनकाट्यावर जातात. काट्यावरून पावती मिळते. तिच्यावर पुढच्या आसाचा, मागच्या आसाचा आणि ट्रेलरचा भार वेगवेगळा छापलेला असतो.