वाघांची निवारा केंद्रे

वाघांची निवारा केंद्रे : सर्कस, खासगी मालकी, शिकाऱ्यांचे सापळे किंवा माणसांशी झालेला संघर्ष यांतून सोडवलेल्या, पण पुन्हा जंगलात जगू न शकणाऱ्या वाघांचा मरेपर्यंत सांभाळ करणारी ठिकाणे. सरकारी कागदपत्रांत त्यांना बचाव केंद्र, तर बोलण्यात रेस्क्यू सेंटर म्हणतात. भारतात ती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याखाली येतात आणि १९९२ साली स्थापन झालेले केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण त्यांच्यावर देखरेख ठेवते. प्राणिसंग्रहालय प्रेक्षकांसाठी असते, निवारा केंद्र प्राण्यासाठी असते. म्हणून येथे सहसा तिकीट नसते, खेळ नसतात आणि सर्कशीतून आलेल्या वाघांची वीण वाढवली जात नाही.

पार्श्वभूमी : भारतीय सर्कशीचा पाया विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ काढून घातला. पुण्याचे दामू धोत्रे (१९०२–७३) वाघ-बिबट्यांच्या खेळांमुळे अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्स सर्कशीपर्यंत पोहोचले. मराठी माणसाला या धाडसाचा अभिमान वाटत आला आहे आणि तो खोटा नाही. मात्र त्याची किंमत प्राण्यांनी मोजली. वाघ मुळात एकांडा. त्याचा वावर कित्येक चौरस किलोमीटरच्या जंगलात असतो. सर्कशीत त्याचे सारे आयुष्य चाकांवरच्या पिंजऱ्यात, गावोगावच्या प्रवासात आणि चाबकाच्या धाकात गेले. पिंजऱ्यातच जन्मलेल्या पिढ्यांमध्ये जवळच्या नात्यांतील संकरही होत राहिला.

केंद्र सरकारने प्रथम १९९१ मध्ये आणि नंतर फेरविचार करून १४ ऑक्टोबर १९९८ रोजी अधिसूचना काढली. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल व माकड यांना खेळांसाठी शिकवण्यास आणि त्यांचे खेळ करण्यास तिने बंदी घातली. सर्कसमालकांनी तिला आव्हान दिले. केरळ उच्च न्यायालयाने २००० साली आणि सर्वोच्च न्यायालयाने १ मे २००१ रोजी ही बंदी कायम केली. खेळ थांबले, तरी वाघ सर्कशीच्या पिंजऱ्यांतच होते, आणि कमाई न देणाऱ्या वाघाला रोजचे मांस कोण घालणार हा प्रश्न उभा राहिला. तो सोडवण्यासाठी बंगळूरजवळ बन्नेरघट्टा, चेन्नईजवळ वंडलूर, तिरुपती, विशाखापट्टणम, जयपूर, भोपाळ आणि पश्चिम बंगालमधील दक्षिण खैरबाडी येथे बचाव केंद्रे उभारली गेली.

जंगलात का सोडत नाहीत : बछडा सुमारे दोन वर्षे आईच्या सोबतीने शिकार शिकतो. दबा कधी धरायचा, रानडुकराच्या सुळ्यांपासून कसे वाचायचे, दुसऱ्या वाघाची हद्द कशी ओळखायची, हे सारे तो या काळात आत्मसात करतो. पिंजऱ्यात वाढलेल्या वाघाला यातले काहीच मिळालेले नसते आणि माणसाची भीतीही उरलेली नसते. असा वाघ सोडला, तर भूक लागल्यावर तो गावाकडेच वळण्याची शक्यता मोठी. सुळे तुटलेले, पाय गमावलेले किंवा म्हातारपणी हद्द हरलेले जंगली वाघही शिकार करून पोट भरू शकत नाहीत.

याला अपवाद आहेत. कान्हा येथे आईविना वाढलेल्या दोन वाघिणींना मोठ्या कुंपणात शिकारीचा सराव मिळाला. २०११ मध्ये त्यांना पन्ना व्याघ्र प्रकल्पात सोडले आणि तेथे त्यांना पिल्लेही झाली. याउलट यवतमाळ जिल्ह्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोळी घालून मारलेल्या अवनी (टी-१) वाघिणीच्या मादी बछड्याला पेंच येथील कुंपणात दोन वर्षे वाढवून मार्च २०२१ मध्ये जंगलात सोडण्यात आले. दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीत ती जबर जखमी झाली आणि काही दिवसांतच मरण पावली. पुनर्वसनाचा निर्णय प्रत्येक वाघापुरता स्वतंत्रपणेच घ्यावा लागतो, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

सांभाळ : वाघाच्या जोडीला किमान १,००० चौरस मीटर खुले आवार असावे, असा भारतीय प्राणिसंग्रहालयांचा निकष आहे. आवारात सावली, पाण्याचे टाके, चढायला मचाण आणि नखे घासायला ओंडके असतात. रात्री वाघ बंदिस्त खोलीत येतो. तेथेच त्याला खायला मिळते आणि आवाराची सफाई उरकते. आठवड्यातून एक दिवस लंघन असते. उपचारासाठी सरकत्या भिंतीचा पिंजरा वापरतात. वाघाला त्यात हलकेच दाबून धरले की बेशुद्ध न करता इंजेक्शन देता येते.

येथील वाघ बहुधा वयस्क असतात. मोतीबिंदू, सांधेदुखी, किडलेले दात आणि मूत्रपिंडाचे विकार हे त्यांचे नेहमीचे आजार. त्यामुळे मांसाचे तुकडे लहान करावे लागतात, औषध त्यातच दडवून द्यावे लागते आणि म्हाताऱ्या वाघासाठी मचाणाची उंचीही कमी करावी लागते. वाघाने किती खाल्ले, पाय कसा टाकला, डोळा कसा दिसतो यावर रोज नजर ठेवणारा प्राणीरक्षक हाच या व्यवस्थेचा कणा होय.

दक्षिण खैरबाडीचा ‘राजा’ हे अशा सांभाळाचे ठळक उदाहरण आहे. २००८ मध्ये सुंदरबनात मगरीच्या हल्ल्यात त्याने मागचा पाय गमावला. जंगलात तो फार दिवस जगला नसता. केंद्रात मात्र तो जवळजवळ चौदा वर्षे राहिला आणि जुलै २०२२ मध्ये वारला. वनखात्याच्या नोंदीनुसार तेव्हा त्याचे वय पंचवीस वर्षांपेक्षा जास्त होते. जंगलातले वाघ सहसा दहा ते पंधरा वर्षे जगतात.

महाराष्ट्रातील स्थिती : राज्यातील प्रमुख केंद्र नागपूरजवळ गोरेवाडा येथे आहे. ते महाराष्ट्र वनविकास महामंडळाकडे असून पशुवैद्यकीय विद्यापीठाच्या वन्यजीव संशोधन केंद्राची त्याला साथ आहे. येथे येणारे वाघ मुख्यतः विदर्भातील, विशेषतः चंद्रपूर जिल्ह्यातील संघर्षातून जेरबंद झालेले असतात. राजुरा परिसरात आठ जणांच्या मृत्यूला कारण ठरल्याचा ठपका असलेला आरटी-१ हा वाघ ऑक्टोबर २०२० मध्ये पकडून येथेच आणण्यात आला. शेतावर जाणारे मजूर, मोहफुले वेचणाऱ्या बाया आणि गुराखी यांना भयमुक्त करण्याचा हाच मार्ग होता. वाघाला गोळी न घालता तो साधता आला, तो केंद्र होते म्हणून.

‘साहेबराव’ हा येथील सर्वांना माहीत झालेला वाघ. २०१२ मध्ये ताडोबालगत शिकाऱ्यांनी लावलेल्या लोखंडी सापळ्यात त्याच्या पुढच्या पंजाची बोटे गेली. जानेवारी २०२० मध्ये त्याला कृत्रिम पंजा बसवण्यात आला. शुद्धीवर येताच त्याने तो काढून टाकला. पंजा टिकला नाही, तरी एका जायबंदी वाघाच्या वेदनेसाठी अस्थिरोगतज्ज्ञ आणि पशुवैद्य एकत्र आले, ही नोंद महत्त्वाची आहे.

केंद्रातही धोके असतातच. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या मरण पावले आणि तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू आढळला. खाद्याची तपासणी आणि नव्या प्राण्याला काही काळ वेगळे ठेवणे यांत ढिलाई चालत नाही, हा त्याचा धडा.

इतर देश : अमेरिकेत खासगी मालकांनी पाळलेले वाघ ही मोठी समस्या आहे. कोलोरॅडो राज्यातील ‘द वाइल्ड ॲनिमल सँक्च्युअरी’ ही १९८० मध्ये सुरू झालेली संस्था असे वाघ विस्तीर्ण माळरानावर सांभाळते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्याने वाघ-सिंह घरी पाळण्यास आणि त्यांच्या बछड्यांना लोकांनी हाताळण्यास मनाई केली. थायलंडमधील एका बौद्ध मठातून २०१६ मध्ये १४७ वाघ सरकारी केंद्रांत हलवण्यात आले. २०१९ पर्यंत त्यांपैकी ८६ मरण पावले. नात्यांतल्या संकरामुळे त्यांची रोगप्रतिकारशक्ती आधीच खचली होती, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. सुटका उशिरा झाली आणि सांभाळ अपुरा पडला, तर जागा देऊनही जीव वाचत नाहीत.

मूल्यमापन : निवारा केंद्रामुळे जंगलातील वाघांची संख्या वाढत नाही. त्याचे काम वेगळे आहे. माणसाने ज्या वाघाचे जंगलातले आयुष्य हिरावून घेतले, त्याचे उरलेले आयुष्य वेदनेविना जावे, ही जबाबदारी ते उचलते. ज्या केंद्रात सर्कशीच्या वाघांची संख्या वयोमानाने घटत जाऊन पिंजरे रिकामे होतात, ते अपयशी नसते. बंदीचा हेतू तेथे पूर्णत्वाला गेलेला असतो. संघर्षातून येणाऱ्या वाघांचे मात्र तसे नाही. विदर्भातील जंगलांचे तुकडे होत राहिले आणि वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटा बुजत गेल्या, तर कितीही पिंजरे बांधले तरी ते अपुरेच पडतील. बछड्याला मांडीवर घेऊन छायाचित्र काढू देणारे किंवा पिल्लांची विक्री करणारे ठिकाण स्वतःला काहीही म्हणवून घेवो, ते निवारा केंद्र नव्हे. वाचकाने अशा ठिकाणी जाऊ नये आणि तेथे पैसेही देऊ नयेत.