साष्टी (मुंबईची उपनगरे)

साष्टी : मुंबई बेटाच्या उत्तरेचे मोठे बेट. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वसईची खाडी, पूर्वेस ठाण्याची खाडी. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे याच बेटावर वसली आहेत. षट्षष्टी, म्हणजे सहासष्ट गावे, यावरून हे नाव पडले असे मानतात. (गोव्यातील साष्टी तालुका निराळा, त्याच्या नावाचा उलगडाही असाच करतात.) सरकारी दप्तरात बेटाच्या बऱ्याचशा भागाचा आता ‘मुंबई उपनगर जिल्हा’ आहे. तो १ ऑक्टोबर १९९० रोजी झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९३,५६,९६२ भरली. तालुके अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला. मुलुंड-घाटकोपर कुर्ला तालुक्यात मोडतात, हे तिथल्या रहिवाशांना बहुधा तहसील कचेरीची पायरी चढतानाच कळते.

बेटाचा जुना इतिहास डोंगरात आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी येथे शंभरावर बौद्ध लेणी असून तिथे हजार वर्षांहून अधिक काळ वस्ती होती. कल्याण आणि सोपारा येथील व्यापाऱ्यांची दाने शिलालेखांत नोंदली आहेत. पाहणारे तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहापाशी थांबतात. पण कान्हेरीचे खरे कसब पाण्यात आहे. खडकावरून वाहणारे पावसाचे पाणी कोरीव पन्हळींनी लेण्यालगतच्या टाक्यांत उतरवलेले आहे. या टाक्यांना शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे. पुढे याच डोंगररांगेतील विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये नळाने मुंबईला गेले.

अंधेरीजवळची महाकाली (कोंडिविटे) लेणी बौद्ध, जोगेश्वरीची शैव. बोरिवलीच्या मंडपेश्वराने सर्वांत जास्त उलथापालथ पाहिली. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसईसह हा मुलूख पोर्तुगिजांना दिल्यावर फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी या शिवलेण्याचे चर्च केले. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली, १७३९ मध्ये वसई पडली, आणि लेण्यात पुन्हा पूजा सुरू झाली. आज आत नृत्यमग्न शिव आहे, बाहेरच्या भिंतीवर जुने शिल्प तासून कोरलेला मोठा क्रूस आहे आणि वर ख्रिस्ती वास्तूचे पडके अवशेष आहेत. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडेच राहिली.

एक्सरचे वीरगळ हे बोरिवलीचे सर्वांत मोलाचे धन. शिळांवर आडवे पट्टे आहेत. काहींत हत्ती आणि पायदळ, काहींत वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे एकमेकांवर चालून येताना दिसतात. वरच्या पट्ट्यात पडलेला वीर शिवलोकी पोचतो. यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्या तेराव्या शतकातील झुंजीशी त्यांचा संबंध जोडतात. आरमारी लढाई दाखवणारे वीरगळ मुळातच विरळा, तरी स्थानकापासून इतक्या जवळचे हे दगड पाहायला फारसे कोणी फिरकत नाही.

गावांच्या नावांसाठी वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर आणि १८८२ चे ठाणे गॅझेटियर उपयोगी पडते. प्रत्यक्ष शोध मात्र पायी घ्यावा लागतो. गावदेवीचे देऊळ, तळ्याचा काठ, गावठाणाची वेस इथेच वीरगळ आणि गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणाऱ्या शिळा) सापडतात. कोळी, आगरी, भंडारी यांच्याबरोबर मराठी बोलणारे ईस्ट इंडियन ख्रिस्तीही इथले मूळ रहिवासी. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहण महोत्सवाच्या वर्षी, घेतले. अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक वसाहतीत त्यांच्या पूर्वजांचे १५७९ मधील सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च छपराविना उभे आहे. एकोणिसाव्या शतकात साथीमुळे वस्ती हलली. आता वर्षातून एकदा तिथे प्रार्थना होते.

१८५३ च्या रेल्वेने बोरीबंदर-ठाणे मार्ग बेटाच्या पूर्व अंगाने नेला आणि गावांच्या जागी स्थानके मोठी झाली. घाटकोपरची जुनी नगरपालिका ‘घाटकोपर-किरोळ’ या जोडनावाने चाले. आज किरोळ रस्त्यापुरते उरले. १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत महानगरपालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत पोचली. ८ जून २०१४ ला सुरू झालेली मेट्रो वर्सोव्याहून घाटकोपरला जाते. तिच्या फलाटांवर चकाला, मरोळ, असल्फा ही जुन्या गावांची नावे पुन्हा वाचायला मिळतात. वर्सोवा मात्र पाटीवरच. तिथले कोळी आपल्या गावाला अजून वेसावेच म्हणतात.