कोकणकड्याच्या थरांतून

पहाटेची थंडी हाडांत शिरली आहे. पेशवाई बुडून काही वर्षं लोटली आहेत आणि तुम्ही साईक्स नावाच्या इंग्रज साहेबाच्या माणसांबरोबर हरिश्चंद्रगडावर आहात. हवेचा दाब, ऊन, दव, पाऊस, जे मोजता येईल ते हा साहेब मोजतो आणि वहीत लिहितो. आत्ता मात्र तो घोड्यासह कोकणकड्याच्या काठावर खिळून उभा आहे. खाली कोकण दिसतच नाही. धुकं कड्याच्या धारेपर्यंत चढलंय, तरी माथ्यावर सांडत नाही.

तुमच्या पाठीशी सूर्य जेमतेम वर आलाय. समोरच्या धुक्यात रंगांचं अख्खं वर्तुळ उमटतं, निम्मं तुमच्या पायांच्या वर, निम्मं दरीत. मधोमध घोडा, साहेब आणि माणसं. ही आपलीच सावली? विश्वास बसत नाही. तुम्ही हात उचलता, आतला माणूसही उचलतो. पाय झाडता, तोही झाडतो. शेजारचे गडी अंग वाकडंतिकडं करून खात्री करून घेतात. मनातली भीती जायला बराच वेळ लागतो. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ साली छापलेल्या साईक्सच्या निबंधात हे वर्तुळ आहे आणि सोबतच्या माणसांचे हे हातवारेही आहेत. आपण त्याला इंद्रवज्र म्हणतो.

धुकं विरतं. आता पालथं पडून काठावरून खाली बघा. अर्धगोल कडा मध्यावर पोटात गेलाय आणि त्याच्या अंगावर आडवे थर आहेत. नजर जसजशी खाली उतरते, तसतसे तुम्ही मागे जाता, कारण खालचा थर आधीचा.

तळाशी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळ आहे. भारत अजून विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. इथे शिखर नाही, दरी नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्यात आणि त्यांतून लाव्हा पसरतोय. त्यातले वायूचे बुडबुडे वर येतात आणि पृष्ठाशी अडकतात, म्हणून थराचा माथा सच्छिद्र राहतो आणि पोटातला दगड घट्ट निवतो. त्यावर पुढचा लोट, मग त्याच्याही पुढचा.

आता पुढे या. भारताचा पश्चिम काठ तुटतो, समुद्र आत येतो आणि पाऊस पठार कापायला घेतो. घट्ट दगड सरळ तुटतो, तिथे कडा उभा राहतो. सच्छिद्र दगड झिजतो, तिथे पदर तयार होतो, त्यावर माती साचते, कारवी रुजते. पाणी भेग धरून खोल जातं, तिथे नाळ पडते. गडावरचं सुमारे १,४०० मीटर उंचीचं तारामती शिखर म्हणजे ज्वालामुखीचं तोंड नव्हे. आजूबाजूचं सगळं वाहून गेल्यावर जे शिल्लक राहिलं, ते तारामती.

गडावर जाल तेव्हा ही दृष्टी घेऊन जा. अशाच नाळेतून जाणाऱ्या नळीच्या वाटेने चढताना पावलागणिक तुम्ही जुन्या लाव्ह्यावरून नव्या लाव्ह्यावर येता. दम खायला ज्या पदरावर टेकता, तो एका लोटाचा माथा असतो. आणि काठापासून चार हात मागेच थांबा. कापण्याचं काम संपलेलं नाही, दर पावसाळ्यात कडा थोडा पूर्वेकडे सरकतोच आहे.