वाड्यांतील अडचणीच्या भिंती

नाशिकहून येवल्याकडे जाणारा रस्ता निफाड मागें टाकून काळ्या रानांतून विंचूरास येतो. आज या बाजूस लासलगांवचा कांदा आणि निफाडचीं द्राक्षें प्रसिद्ध आहेत. परंतु अठराव्या शतकांत विंचूर हें नांव घोडदळाबरोबर घेतलें जात असे. विठ्ठल शिवदेव दाणी हे पेशव्यांचे नामांकित सरदार. १७३९ सालच्या वसईच्या मोहिमेंत ते होते आणि १७६१ सालीं पानिपतावरही होते. विंचूर हें त्यांच्या जहागिरीचें ठिकाण झालें; मूळचें आडनांव मागें पडलें आणि घराण्यास विंचूरकर हेंच नांव रूढ झालें.

सरदार म्हटला कीं वाडा आलाच, आणि सरदाराच्या वाड्याभोंवतीं कारकून, सावकार, शिलेदार यांचेही लहानमोठे वाडे उभे राहिले. अशा वाड्यांविषयीं बोलतांना कोरीव खांब आणि नगारखाना यांचेंच वर्णन करण्याचा प्रघात आहे. ज्यांस त्या घरांत प्रत्यक्ष संसार करावा लागला त्यांचा अनुभव कांहीं निराळा असे. माजघरांत भरदिवसां दिवा लावावा लागे. दारांतून जातांना नवख्याचें कपाळ हटकून चौकटीस लागे. खोली लांब पण रुंदी बेताची. जिन्याखालीं तिरपी, अंधारी जागा. आणि भिंत इतकी जाड कीं तिनेंच अर्धी खोली अडविली असें वाटावें. ‘या खोलीचें करावें तरी काय?’ हा प्रश्न केवळ आजच्या गृहिणीला पडलेला नाहीं. तो जुना आहे, आणि जुन्या लोकांनीं त्याचें दिलेलें उत्तर अभ्यास करण्याजोगें आहे.

प्रथम या अडचणी उत्पन्न कां झाल्या तें पाहिलें पाहिजे. जुन्या घराचें माप फुटांनीं होत नसे, खणांनीं होत असे. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. तुळईचें लाकूड जेवढा भार न वांकतां पेलील तेवढाच खण ठेवतां येई. म्हणून खोली लांबीनें वाढे, रुंदीनें वाढत नसे. दुसरें कारण शेजार. गांवकुसाच्या आंत घरें एकमेकांस चिकटून उभीं असत. दोन्ही अंगांच्या भिंतींस खिडकी ठेवण्याची सोयच नव्हती. दंग्याधोप्याच्या काळांत रस्त्याकडील भिंतीसही मोठें द्वार ठेवणें शहाणपणाचें नव्हतें. त्यामुळें उजेड आणि वारा यांची सर्व भिस्त मधल्या चौकावर राहिली.

तिसरें कारण जमीन आणि हवा. विंचूरकडील काळी माती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर उभारलेली हलकी भिंत तडकल्यावांचून राहत नाहीं. म्हणून पाया मुरुमापर्यंत खणावयाचा, त्यावर दगडी जोतें बांधावयाचें आणि मग विटांची किंवा पांढऱ्या मातीची रुंद भिंत उचलावयाची, अशी पद्धत पडली. शिवाय निफाडची पौषांतील थंडी जशी कडक, तसें वैशाखांतील ऊनही कडक. जाड भिंतींतून ऊन आंत पोहोंचण्यास दिवस मावळतो, आणि तोंपर्यंत बाहेर हवा निवूं लागलेली असते. तात्पर्य, ज्यास आपण खोलीचा दोष म्हणतों तो बहुधा तिच्या एखाद्या गुणाचें मोल असतें.

हें मोल वसूल कसें करावें, तें जुन्या गवंड्यास आणि सुतारास ठाऊक होतें. भिंतीनें जागा अडविली आहे ना, मग तिच्याच पोटांतून ती परत घ्यावयाची! येथेंच कोनाड्याचा जन्म झाला. दिव्यासाठीं लहानशी दिवळी, पोथ्या आणि तांब्या-भांड्यांसाठीं कोनाडा, झडपा लावून केलेलें फडताळ, दाराचा अडसर सरकवून ठेवण्याचें लांब भोंक, हें सर्व भिंतीच्या जाडींतच बसविलें जाई. कित्येक ठिकाणीं वर जाण्याचा जिनासुद्धां भिंतीच्या पोटांतूनच काढलेला असे. मात्र हें पोखरणें मन मानेल तसें नसे. कोनाड्याच्या माथ्यावर कमान किंवा लांकडी पाट घालून वरचा भार दोन्ही बाजूंस उतरविला जाई. दिवाणखान्यांत सारख्या अंतरावर, सारख्या उंचीचे महिरपदार कोनाडे ओळीनें ठेवले म्हणजे तीच भिंतीची शोभा होई; तिला निराळ्या शृंगाराची गरज राहत नसे.

इतर कोपऱ्यांचीही अशीच वांटणी झालेली होती. जिन्याखालच्या तिरप्या जागेंत सरपण किंवा जातें. छताखालच्या बुटक्या पोटमाळ्यावर वर्षांतून एकदां लागणारीं मोठीं भांडीं. ज्या खोलीस उजेड मुळींच नाहीं ती धान्याच्या बळदासाठीं. धान्यास उजेड नकोच असतो! धाब्याच्या घरांत छतास सवणें नांवाचें भोंक ठेवीत. त्यांतून उतरणारा कवडसा दोन प्रहरीं चुलीजवळचा अंधार हटवी आणि धूरही तेथूनच बाहेर जाई. चुन्याची सफेती दरसाल होई, तीही केवळ सणाची हौस म्हणून नव्हे. चौकांतून आलेला ओंजळभर उजेड पांढऱ्या भिंतीवरून परतून माजघरापर्यंत जावा, हा तिचा हेतु. भिंतीच्या पायथ्याशीं गेरूचा पट्टा असे, तो सारवणाचे आणि पाण्याचे शिंतोडे झांकण्यासाठीं.

चित्रकारही याच वाटेनें गेले. विंचूरच्या उत्तरेस चांदवड येथें होळकरांचा रंगमहाल आहे. वाईजवळ मेणवली येथें नाना फडणविसांचा वाडा आहे. दोन्ही ठिकाणीं भिंतींवर चित्रें काढलेलीं आहेत. अशा वाड्यांतून चित्रकारास मोकळी, चौरस भिंत क्वचितच मिळे. दोन कोनाड्यांमधील अरुंद पट्टी, दरवाजावरील आडवी जागा, कमानीच्या खांद्यावरील त्रिकोण एवढेंच त्याच्या वांट्यास येई. त्यानें त्याबद्दल कुरकुर केली नाहीं. उभ्या पट्टींत फुलांची वेल चढविली, आडव्या जागेंत मिरवणूक चालविली, त्रिकोणांत पक्षी बसविला. जागा बेढब होती म्हणूनच चित्र तिच्यांत नेमकें बसलें.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि या सर्व व्यवस्थेचा पाया हलला. फौज गेली, तेव्हां पागेस घोडे राहिले नाहींत. दरबार गेला, तेव्हां कचेरीस काम राहिलें नाहीं. वाडे तेच, परंतु खोल्या बेकार झाल्या. अडचणीची खोली म्हणजे केवळ लहान किंवा काळोखी खोली नव्हे. जिचें काम संपलें तीही अडचणीचीच. कित्येक वाडे या धक्क्यानें पडीत झाले. परंतु पुण्यांतील विंचूरकरांच्या वाड्याची गोष्ट निराळी आहे. सदाशिव पेठेंतील या वाड्यांत लोकमान्य टिळक कांहीं वर्षें बिऱ्हाडानें राहत होते. १८९२ सालीं स्वामी विवेकानंद तेथेंच त्यांचे पाहुणे झाले, आणि १८९४ सालीं त्या वाड्यांत सार्वजनिक गणपति बसला. सरदाराच्या घरास नवा इतिहास मिळाला तो भिंती पाडून नव्हे, तर तिथल्या जागेस नवें काम मिळालें म्हणून.

याच काळांत भिंतींचा शृंगारही बदलला. १८७८ सालीं पुण्यास चित्रशाळा निघाली आणि १८९४ सालीं मुंबईस राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना सुरू झाला. देवादिकांचीं रंगीत चित्रें मध्यम स्थितींतील घरांतही येऊं लागलीं. छताशीं दोरीनें टांगलेल्या, किंचित् पुढें कललेल्या तसबिरींची रांग, काचेच्या हंड्या आणि दारासमोरचा आरसा हा त्या पिढीचा दिवाणखाना. त्यांत आरसा ही केवळ चैन नव्हती. चौकाच्या समोर लावलेला आरसा काळोख्या खोलीस खिडकीचें काम देतो, हें त्या पिढीनें चांगलें ओळखलें होतें.

आज यांतील पुष्कळ वाडे वांटणींत सांपडलेले आहेत. भाऊ विभक्त झाले कीं पहिली भिंत उठते ती बहुधा चौकाच्या मधोमध, आणि त्या एका भिंतीनें चार बिऱ्हाडांचा उजेड जातो. दुसरी चूक गिलाव्याची. मातीची आणि चुन्याची भिंत जमिनीची ओल शोषते आणि हवेंत सोडून देते. तिच्यावर सिमेंटचा घट्ट थर चढविला कीं ओल आंतच कोंडते. मग लोणा लागतो, पोपडे सुटतात आणि मालक भिंतीस दोष देतो. तिसरी चूक कोनाडे बुजविण्याची. भिंत सपाट दिसावी म्हणून कोनाडे विटांनीं भरावयाचे आणि मग त्याच भिंतीपुढें हातभर जागा अडविणारें कपाट आणून ठेवावयाचें, हा व्यवहार आंतबट्ट्याचा आहे. जुना कोरीव खांब तर एकदां भंगाराच्या भावानें गेला म्हणजे पुन्हां घडत नाहीं.

ज्यांस जुन्या घराची डागडुजी करावयाची आहे त्यांनीं कामास हात घालण्यापूर्वीं एक वर्षभर घर नुसतें पाहावें. कोणत्या भिंतीवर कोणत्या महिन्यांत ऊन येतें, पावसाळ्यांत ओल कोठवर चढते, वारा कोणत्या दारानें येऊन कोणत्या दारानें जातो, हें टिपून ठेवावें. तुळईचा भार कोणत्या भिंतीवर आहे हें जाणत्यास विचारल्यावांचून एकही वीट काढूं नये. वांटणी अटळ असेल तर ती खोल्यांची करावी. चौक सामाईक ठेवावा. मातीच्या भिंतीस चुन्याचाच गिलावा द्यावा, जरी त्यास दिवस अधिक लागले तरी.

आणि एखादी भिंत अगदींच ओकीबोकी वाटली, तर ती बोटानें ठोकून पाहावी. जेथें आवाज पोकळ येतो, तेथें पुष्कळदां आजोबांनीं बुजविलेला कोनाडा निघतो. तो मोकळा करावा, पांढरा करावा आणि त्यांत संध्याकाळीं दिवा ठेवावा. त्या खोलीपुरता प्रश्न तरी तेवढ्यानें सुटेल.