तळटीप : भगताचे घुमणे

* येथे वर्णिलेली अवस्था बोईसर-तारापूरपासून जव्हारपर्यंतच्या वारली पाड्यांवर आजही पाहावयास मिळते. सुपातील तांदूळ न्याहाळता न्याहाळता, घांगळीच्या एकसुरी नादात आणि जागरणाने शिणलेल्या देहानिशी बसलेल्या भगताची मान प्रथम मंद डोलू लागते, मग खांदे थरथरतात, आणि वारे भरले की तो देवाच्या वाणीने बोलू लागतो. विल्यम जेम्सने १९०२ साली प्रसिद्ध केलेल्या धर्मानुभवविषयक ग्रंथात नित्याच्या जाणिवेपलीकडील ज्या जाणिवांचा विचार केला, त्यांच्याशी हिचे नाते उघड आहे. तथापि हिला उन्माद ठरवून मोकळे होणे माझ्या मते सर्वस्वी अन्यायाचे होय, कारण ही अवस्था नेमल्या वेळी, जमातीच्या समक्ष, गाऱ्हाणे घेऊन आलेल्या माणसाकरिता येते आणि विधी आटोपताच ओसरते. — संपा.