चार्ड, रंगीत

बीटच्या जातीची (बीटा व्हल्गॅरिस) पालेभाजी, कुल राजगिऱ्याचे. भूमध्य समुद्राच्या आणि पश्चिम युरोपच्या किनाऱ्यांवर वाढणारे रानबीट हे तिचे मूळ. मुळासाठी बीटरूट, साखरेसाठी शर्कराबीट आणि पानादेठांसाठी चार्ड असे प्रकार त्यातून निवडीने घडले. आपल्याकडे पालक म्हणून पेरले जाणारे ‘ऑल ग्रीन’, ‘पुसा ज्योती’ हे वाणही याच जातीचे आहेत. म्हणूनच पालक पिकवणाऱ्या घरी चार्ड परका वाटत नाही.

देठांचे रंग बीटालेन या रंगद्रव्यांमुळे येतात. त्यांतील बीटासायनिन लाल-जांभळा रंग देते, बीटाझँथिन पिवळा. दोन्ही एकत्र आली की नारिंगी छटा दिसते. दोन्ही नसली तर देठ पांढरा राहतो. न्यूझीलंडचे जॉन ईटन यांनी जोपासलेल्या ‘ब्राइट लाइट्स’ या मिश्र रंगांच्या वाणाला १९९८ मध्ये ‘ऑल-अमेरिका सिलेक्शन्स’ पुरस्कार मिळाला, आणि रंगीत चार्ड घरोघरच्या बागांत पोहोचला.

बी म्हणून पेरला जातो तो खडबडीत दाणा म्हणजे वस्तुतः चिकटलेल्या फळांचा गुच्छ असतो. एका दाण्यातून दोन-तीन रोपे उगवतात ती त्यामुळेच. दाणे रात्रभर पाण्यात भिजवून एक-दीड सेंटिमीटर खोल पेरावेत. उगवण साधारण आठवड्याभरात होते. महाराष्ट्राच्या मैदानी भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरची पेरणी उत्तम. उन्हाळ्यात दुपारची सावली हवी. माती शेणखत घातलेली, भुसभुशीत आणि निचऱ्याची असावी. कुंडी किमान २०-२५ सेंटिमीटर खोल घ्यावी.

विरळणीवर सगळी मदार असते. रंग कोवळ्या रोपाच्या देठातच दिसू लागतो. त्यामुळे केवळ जोमदार रोपे न राखता प्रत्येक रंगाची काही ठेवावीत, नाहीतर मिश्र बियांचा उपयोग काय? शेजारच्या रोपाची मुळे हलू नयेत म्हणून नको असलेली रोपे उपटण्याऐवजी कात्रीने कापावीत. ती कोशिंबिरीत चालतात. उरलेल्या रोपांत २०-३० सेंटिमीटर अंतर राहावे.

पेरणीनंतर ५०-६० दिवसांत काढणी सुरू होते. बाहेरची पाने खुडावीत, मधला कोंब राखावा. म्हणजे एकच रोप कित्येक आठवडे भाजी देते. पानांवर वेड्यावाकड्या फिकट रेषा दिसल्यास ते नागअळीचे काम. तपकिरी गोल ठिपके सर्कोस्पोरा बुरशीचे. दोन्हींत रोगट पान लगेच काढून टाकावे आणि पाणी पानांवर न घालता बुंध्याशी द्यावे.

देठ पानांपेक्षा उशिरा शिजतात, म्हणून ते आधी फोडणीत टाकावेत. भरपूर पाण्यात उकळल्यास रंग उतरतो. भाजीत ऑक्झलेट बरेच असते; मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी ती बेतानेच खावी.

चार्ड द्विवर्षायू आहे. पुरेशी थंडी मिळाल्यावरच त्याला तुरा येतो आणि परागण वाऱ्याने होते. जवळ बीट किंवा पालक फुलावर असल्यास संकर होतो, त्यामुळे घरच्या बियाण्यातून तेच रंग मिळण्याची खात्री नसते.